विकिपीडियावरचे आपल्या सातारा-सांगलीचे लेख : फ्लेक्सची भाषा सोडायची कशी आणि संदर्भ आणायचे कुठून

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, विषयच तसा आहे.

मराठी विकिपीडियावर मी जमेल तसं लिहीत असतो, जास्त करून आपल्या दोन जिल्ह्यांतली गावं, देवळं, संस्था यांच्यावर. आणि एक गोष्ट सारखी बघतोय. विषय चांगला असतो, कुणीतरी मनापासून लिहिलेलं असतं, आणि थोड्याच दिवसांत एकतर लेख काढला जातो नाहीतर त्याच्या डोक्यावर 'जाहिरातीसारखा वाटतो' अशी पाटी लागते. लिहिणारा चिडतो, 'आपल्याच माणसांना आपलं कौतुक बघवत नाही' म्हणतो आणि परत तिकडं फिरकत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण लिहिणारे मुळात कमी आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, वीस वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या गोष्टींवर अजून दोन-चार ओळींच्या वर काही सापडत नाही.

काढले जाणारे लेख साधारण कसे असतात ते बघा, हा नमुना मी बऱ्याच लेखांचा मिळून केलाय, कुणा एकाचा नाही :

"शिक्षणमहर्षी, कार्यसम्राट मा. श्री. अमुक यांनी अथक परिश्रमातून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दारी ज्ञानगंगा आणली. निसर्गरम्य परिसर, तज्ज्ञ शिक्षकवृंद व अत्याधुनिक सुविधा यांमुळे संस्था अल्पावधीतच नावारूपाला आली."

आता हे वाचून मला सांगा, संस्था कोणत्या साली निघाली? कुठं? पहिल्या वर्षी काय चालू होतं, शाळा का वसतिगृह? मान्यता कुणाची? एकाचंही उत्तर त्यात नाही. हा मजकूर उचलून जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेच्या फ्लेक्सवर टाकला तरी चालून जाईल. आणि त्याच्या शेजारी हे ठेवा : "रयत शिक्षण संस्थेची स्थापना भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथे केली. १९२४ मध्ये संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्याला आलं." एक विशेषण नाही यात. पण १९१९ साली, त्या काळात, कालेसारख्या खेड्यात संस्था काढणं म्हणजे काय हे वाचणाऱ्याला बरोब्बर कळतं, आपण वेगळं सांगायला लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं काम खरंच मोठं आहे त्याच्यावर स्तुतीचा लेप दिला की ते काम त्याच्याखाली झाकलं जातं. साल, जागा, आकडा आणि हे कुठं छापलंय त्याचा पत्ता, एवढं दिलं तर लेख टिकतो. तुमच्या अडचणी इथं टाका, एकेक बघू.

म्हसवड_माणदेश

दादा पटलं, पण आमच्यासारख्याचं काय? म्हसवडपासून आत आमचं गाव, पेपरात नाव येतं ते उन्हाळ्यात टँकर लागला की. गावावर पुस्तक न्हाय, वेबसाइट न्हाय. मी लिहिलं होतं की गाव निसर्गाच्या कुशीत वसलंय, लोक कष्टाळू आणि प्रेमळ आहेत, जत्रा लय मोठी भरते. सगळं उडवलं. आता यात खोटं काय होतं सांगा.

वाईकर_ग्रंथपाल

म्हसवडकर, खोटं काहीच नव्हतं. पण प्रेमळ नाहीत असं कुठल्या गावाबद्दल लिहिणार? जे प्रत्येक गावाला लागू पडतं ते लिहून तुमच्या गावाबद्दल काहीच कळत नाही, अडचण तिथं आहे.

मी बरीच वर्षं वाचनालयात काम केलंय, तर कुठं बघायचं ते सांगते. सगळ्यात आधी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. त्यात जिल्ह्यातलं प्रत्येक महसुली गाव असतं, अगदी शंभर उंबऱ्याचं सुद्धा. क्षेत्रफळ, घरं, लोकसंख्या, साक्षर किती, शाळा कुठपर्यंत, पाणी कशाचं, जवळचं शहर कोणतं, सगळं. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ हे आकडे त्याच जनगणनेतले, आणि लिहिताना "२०११ च्या जनगणनेनुसार" हे शब्द गाळायचे नाहीत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि लोक अंदाजाने आकडे फुगवून टाकतात.

दुसरं म्हणजे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. इंग्रजांच्या वेळचं सातारा जिल्ह्याचं १८८५ चं, आणि राज्य सरकारने नंतर नव्याने काढलेलं १९६३ चं. सांगलीचं १९६९ चं. यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सांगली जिल्हा म्हणून १९४९ च्या आधी नव्हताच, तेव्हा 'दक्षिण सातारा' असा जिल्हा केला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर या भागाची जुनी माहिती १८८५ च्या सातारच्या खंडात बघायची. पण सांगली आणि मिरज ही शहरं संस्थानात होती, ती त्या खंडात इंग्रजी मुलखातल्या तालुक्यांसारखी सापडणार नाहीत. मुलं सांगलीचं जुनं काही शोधायला येतात, सापडत नाही म्हणून निराश होऊन जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

माण तालुका १८८५ च्या खंडात आहे. जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोधा, ते आजच्यासारखं नसतं.

म्हसवड_माणदेश

ताई लय आभार. जनगणनेत गाव घावलं. विहिरी, शाळा सगळं हाय. जत्रेचं काय करू पण?

वाईकर_ग्रंथपाल

जत्रेची बातमी दैनिकाच्या जिल्हा पानावर आली असेलच, तारखेसकट ती द्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, कोणत्या देवाची, आणि कशी भरते. पालखी निघते का रथ, बैलांचा बाजार असतो का, कुस्त्या होतात का. "लय मोठी" ऐवजी हे लिहिलंत तर बाहेरच्या माणसाला जत्रा डोळ्यांपुढं दिसेल.

हळद_पेठ

माझा प्रश्न सरळच आहे. आमचा हळदीचा जुना व्यापार आहे, तीन पिढ्यांचा. आमच्या फर्मवर लेख करावा असं मुलाचं म्हणणं आहे, एका एजन्सीचा फोनही आला होता की पैसे द्या आम्ही करून देतो, कायम राहील अशी गॅरंटी देतो. द्यावेत का?

कृष्णाकाठ_सांगली

काका, एक रुपयाही देऊ नका. विकिपीडियावरचा लेख कायम राहण्याची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, तिथं लेख कुणाच्या मालकीचा नसतो, उद्या कुणीही तो बदलू शकतं. दुसरं, पैसे घेऊन लिहिणाऱ्याने कुणाकडून पैसे घेतले ते जाहीर करायचं हा २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींमध्ये लिहिलेला नियम आहे. असे एजंट ते जाहीर करत नाहीत, नुसती खाती बदलत राहतात, पकडलं गेलं की लेख जातो, तुमचे पैसे जातात आणि वर फर्मचं नाव चर्चा पानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलणं चालतं त्या पानावर, राहतं.

आपल्याच फर्मवर आपण लेख करू नये ही तिथली रीत आहे. फर्मबद्दल तुमच्याशी संबंध नसलेल्या कुणी सविस्तर लिहिलेलं असेल, म्हणजे दैनिकातला नीट लेख, बाजाराच्या इतिहासावरचं पुस्तक, तर त्या विषयाच्या लेखाच्या चर्चा पानावर जाऊन मोकळेपणाने सांगा की मी या घरातला आहे, हा संदर्भ आहे, योग्य वाटलं तर घ्या. एवढं केलं की कुणी बोट ठेवणार नाही.

पण मी म्हणतो फर्म राहू द्या, तुम्ही हळदीवर लिहा ना! तुमच्याएवढं जाणणारा दुसरा कोण मिळणार आहे. मी मागं एका ठिकाणी असं वाचलं होतं : "सांगलीची जगप्रसिद्ध सोनेरी हळद आपल्या अप्रतिम रंग व सुगंधाने सर्वांनाच भुरळ घालते." त्याच्या जागी असं काही येऊ शकतं : "सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या बाजारात राजापुरी हळदीची मोठी उलाढाल होते. शहराजवळच्या हरिपूर इथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवं वापरली जात." मानांकनाच्या नोंदणीची कागदपत्रं सरकारी साइटवर उघडी आहेत, त्यात पीक, जात, प्रदेश यांचं वर्णन असतं. पेवांवर दैनिकांत येऊन गेलंय. मला विचाराल तर या एका लेखात पेवावरच चार परिच्छेद पाहिजेत, पेव खोदायला माती कशी लागते, आत काय अंथरतात, तोंड कसं बंद करतात, उघडताना आधी वाफ का जाऊ देतात. हे पाहिलेली माणसं आता म्हातारी झालीत.

हळद_पेठ

पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. आमच्या वडलांनी दाखवलेलं आहे. पण हे छापलेलं नाही कुठं, मग चालणार नाही ना?

कृष्णाकाठ_सांगली

विकिपीडियावर थेट नाही चालणार. पण तुम्ही ते एखाद्या दिवाळी अंकाला, कृषी मासिकाला लेख म्हणून पाठवा, संपादकाच्या हाताखालून जाऊन छापून येऊ दे. मग दुसरं कुणीही त्याचा दाखला देईल. कृपा करून लिहाच काका.

कऱ्हाड_शिक्षिका

मी नववीच्या मुलांकडून हे करून घेते म्हणून सांगते, मुलांना सगळ्यात अवघड जातं ते 'पहिला' हा शब्द सांभाळणं. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. प्रत्येक मूल लिहून आणतं "भारताला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारे". मग मी शोधायला लावते. हॉकीचं सुवर्ण १९२८ मध्येच आलेलं. वैयक्तिक म्हणावं तर १९०० मध्ये नॉर्मन प्रिचर्डच्या नावावर दोन रौप्यपदकं आहेत. मुलांचे चेहरे पडतात. मग आम्ही मिळून वाक्य बांधतो : खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे वाक्य कुणी कुठंही तपासलं तरी खरं ठरतं. आणि मुलांना मी सांगते की आपला माणूस एवढ्या पक्क्या वाक्यात बसलाय तर त्याला ढिलं वाक्य कशाला द्यायचं.

सांगलीकरांनाही हेच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि त्यावरून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतात, इथपर्यंत ठीक. पण "जगातलं पहिलं मराठी नाटक" असं लिहिलं की कुणीतरी तंजावरच्या भोसले राजांची नाटकं पुढं आणणार, ती त्याच्या कितीतरी आधीची. "मराठी रंगभूमीची सुरुवात इथून मानली जाते" असं लिहा, आणि कोण मानतं त्याचा संदर्भ जोडा.

पाटण_खोरं

मॅडम, आमच्याकडं याच्या उलट त्रास. कोयनेच्या भूकंपाला आकडेच आकडे आहेत. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, इथंवर सगळ्यांचं एकमत. तीव्रता मात्र कुठं ६.३ लिहिलीय, कुठं ६.५, कुठं ६.६. लेखावर दोघं जण रोज एकमेकांचा आकडा खोडत बसलेत. खरा कुठला धरायचा?

वाईकर_ग्रंथपाल

आपण ठरवायचाच नाही. चांगल्या, तपासलेल्या संदर्भांमध्येच फरक असेल तर दोन्ही द्यायचे, "अमुक अहवालानुसार इतकी, तमुक अभ्यासानुसार इतकी". मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या की आकडा वेगळा येतो. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप झाला का, यावरही तसंच करा. जगभरच्या अभ्यासकांनी कोयना हे जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं महत्त्वाचं उदाहरण म्हणून घेतलंय, तेव्हा ते त्यांच्या नावावर लिहा. त्या दोघांना चर्चा पानावर बोलवा, खोडाखोडी थांबवा.

आयर्विन_पूल

२०१९ च्या महापुराच्या माहितीत पण हेच झालंय. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले आकडे लोकांनी उचलून टाकलेत, कुणी ६० फूट, कुणी ६५. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी पाटबंधारे खातं रोज नोंदवतं, ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. ५७ म्हणजेच धोक्याच्या वर बारा फूट, अजून वाढवायची गरज काय आहे. ज्यांच्या घरात चिखल झाला त्यांच्यासाठी तरी खरा आकडा राहू द्या.

विटा_रोखठोक

मला हे सगळं पटत नाही आणि स्पष्ट सांगतो. संदर्भ मागायचा म्हणजे छापलेलं मागायचं, आणि छापलं कुणाचं जातं? ज्यांच्याकडं पैसा आणि शहरात ओळखी, त्यांचं. वाढदिवसाला चार-चार पानी पुरवण्या निघतात त्यांच्या. आणि पन्नास वर्षं ओव्या गोळा करणारी बाई, गावात वाचनालय चालवणारा मास्तर, यांच्यावर कोण छापतंय? तुमचा नियम गरिबाच्याच दाराला कुलूप लावतो.

कृष्णाकाठ_सांगली

विटेकर, तुमचा मुद्दा खरा आहे, मी तो टाळत नाही.

आधी पुरवण्यांचं. वाढदिवसाची पुरवणी हा संदर्भ धरला जात नाही. पान नीट बघा, कोपऱ्यात कुठंतरी बारीक अक्षरात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' छापलेलं असतं, आणि छापलेलं नसलं तरी भाषेवरून कळतं, सगळ्या पुरवणीत एकही प्रश्न विचारलेला नसतो, लेखकाच्या नावाच्या जागी 'विशेष प्रतिनिधी' असतं आणि शेजारी शुभेच्छुकांचे फोटो. नाव मोठ्या दैनिकाचं असलं तरी तो मजकूर पैसे भरून आलेला आहे. म्हणजे पैसेवाल्याचं ते दार निदान कागदावर तरी बंद आहे. प्रत्यक्षात अशा पुरवण्या दाखवून टिकलेले लेख आहेत, आणि ते शोधून पाटी लावायला माणसं कमी पडतात, हेही तितकंच खरं.

मास्तरांचं आणि त्या ताईंचं काय, याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. पण विकिपीडियाने जर ऐकीव माहिती घ्यायला सुरुवात केली तर सगळ्यात आधी तिथं त्या मास्तरांचं नाव येणार नाही, कार्यसम्राटांचंच येईल, कारण टाइप करायला माणसं ठेवणं त्यांना परवडतं.

विटा_रोखठोक

शेवटचं वाक्य मान्य. बाकी अजून खटकतंच. छापणाऱ्यांनी खेड्यात यायला पाहिजे.

कुंडल_पलूस

इथं विचारू का नको असं चाललं होतं. माझे आजोबा प्रति सरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारात होते, त्याच्या तुफान सेनेत. १९४३ ते ४६ च्या काळात घरी कमीच असायचे. १९७२ चा ताम्रपट घरात आहे, आजीने सांगितलेल्या कितीतरी गोष्टी माझ्याकडं रेकॉर्ड केलेल्या आहेत, पोलीस आले की भाकरी कुठं लपवायची, निरोप कोण न्यायचं असल्या. मी प्रति सरकारच्या लेखात एक परिच्छेद घातला आणि तो निघाला. कारण दिलं 'संदर्भ नाही'. माझ्या आजीपेक्षा मोठा संदर्भ कोणता असतो?

वाईकर_ग्रंथपाल

तुमच्या आजीचं रेकॉर्डिंग हे फार मोलाचं आहे, आधी त्याच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक कुणा नातेवाइकाकडं. २०१९ च्या पुरात सांगलीत वाचनालयातली पुस्तकं कशी लगद्यासारखी झाली होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता विकिपीडियाचं. इतिहासाचा अभ्यासक तुमच्या आजीचं ऐकतो, पोलिसांच्या नोंदीशी, इतरांच्या आठवणींशी ताडून बघतो, आणि मग लिहितो. विकिपीडिया ते ताडून बघायचं काम करत नाही, ज्यांनी केलंय त्यांचं म्हणणं सांगतो. आज त्या लेखात तुमची आजी आली तर उद्या दुसऱ्या कुणाचे आजोबा येतील जे त्या काळात दुसऱ्याच बाजूला होते, आणि वाचणाऱ्याला दोघांमध्ये फरक करता येणार नाही.

म्हणून असं करा. राज्याच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटियर) विभागाने स्वातंत्र्यसैनिकांचा विभागवार चरित्रकोश काढलाय, त्यात आजोबांची नोंद आहे का बघा. गाव, शिक्षा किती झाली असा तपशील नावापुढं मिळू शकतो. नोंद सापडली तर ती सरकारी प्रकाशनातली, तिचा संदर्भ नक्की चालतो. आणि आजीच्या आठवणी एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडं किंवा संशोधन मंडळाकडं घेऊन जा. प्रति सरकारावर काम करणाऱ्यांना अशा बायकांच्या आठवणी हव्याच असतात, लढ्यातल्या पुरुषांवर पुष्कळ लिहून झालंय, भाकरी लपवणाऱ्यांवर कमी.

कुंडल_पलूस

धन्यवाद ताई. विद्यापीठाचं डोक्यातच आलं नव्हतं.

मिरज_तंबोरा

मराठी विश्वकोशातला मजकूर उचलून टाकला तर? तो तर सरकारचाच आहे, आणि वाईलाच तयार झालेला.

वाईकर_ग्रंथपाल

उचलून टाकायचा नाही. दाखला द्यायचा, मजकूर आपल्या शब्दांत लिहायचा. सरकारी प्रकाशन म्हणजे प्रताधिकार (कॉपीराइट) नाही असं नसतं, परवाना कुठला लिहिलाय ते बघावं लागतं.

बाकी विश्वकोशाचं नाव काढलंत तर सांगते, आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली हे काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ चा, पुढं वीस खंड झाले. त्यातली कुठलीही मोठी नोंद काढा आणि शेवटाला बघा, नोंद कुणी लिहिली त्याचं नाव आणि खाली संदर्भग्रंथ. मजकुरात 'थोर', 'महान' शोधत बसावं लागतं. मराठीत कौतुकाशिवाय रुक्ष होतं असं म्हणणाऱ्यांनी एखादा खंड चाळावा, तटस्थ मराठी किती देखणी असते ते कळेल. आणि तटस्थ म्हणजे आदरार्थी 'ते होते' काढून 'तो होता' करायचं असं नव्हे, बरेच नवीन लोक तिथं घाबरतात. 'ते' राहू द्या. 'मा. श्री.', 'साहेब', 'आदरणीय' एवढं काढा. लोकांनी दिलेली पदवी, जसं कर्मवीर किंवा क्रांतिसिंह, ती एकदा "या नावाने ओळखले जातात" म्हणून सांगायची, पुढं साधं नाव.

मिरज_तंबोरा

समजलं. सतारीच्या लेखात मी "जगात फक्त मिरजेतच" असं लिहिणार होतो, ते आता "मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं" असं करतो. भोपळा कुठून येतो, वाळवतात कसा, ते कारागिरांवर आलेल्या लेखांतून घेतो.

कऱ्हाड_शिक्षिका

भोपळ्याचं नक्की घ्या, मुलं विचारतात.

अजून एक, वेबसाइटचा दुवा देताना काळजी घ्या. माहिती देणाऱ्या पुष्कळ साइट विकिपीडियाचाच मजकूर उचलून छापतात. कुणीतरी विकिपीडियावर बिनसंदर्भाचं घातलं, ते साइटने उचललं, मग आपण त्याच साइटचा दाखला विकिपीडियाला देतो, झालं, चुकीची गोष्ट दोन्हीकडं पक्की. आमच्या इकडच्या किल्ल्यांच्या बाबतीत हे फार आहे. आणि बातमीचा दुवा दिला की वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) त्या पानाची प्रत साठवून तोही दुवा द्या, दैनिकांची जुनी पानं दोन-तीन वर्षांत उघडेनाशी होतात.

म्हसवड_माणदेश

मंडळी, मोबाइलवरनं संदर्भ टाकायचा कसा? जनगणनेचं घावलंय पण घालता येईना.

कृष्णाकाठ_सांगली

मोबाइलवर जरा किचकट आहे, शक्य असेल तर कॉम्प्युटरवर करा. संपादन उघडलं की वरच्या पट्टीत अवतरणचिन्हासारखं एक बटण दिसतं. ज्या वाक्याला आधार द्यायचा त्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर कर्सर ठेवून ते दाबायचं, दुवा असेल तर चिकटवायचा, पुस्तक असेल तर हाताने भरायचं : लेखक किंवा खातं, नाव, प्रकाशक, साल आणि पान क्रमांक. पान क्रमांक सोडू नका, पाचशे पानांच्या पुस्तकात कुणी शोधत बसणार नाही. मराठी दैनिकाचा दुवा टाकला की आपोआप भरलेलं नाव कधीकधी वेडंवाकडं येतं, ते एकदा वाचून दुरुस्त करा. थेट लेखात भीती वाटत असेल तर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करून बघा, तिथं काही बिघडत नाही. अडलात तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा.

जमलं की गावाच्या लेखाचा दुवा इथं टाका, मी बघतो. विटेकर, तुम्ही म्हणताय त्या ओव्या गोळा करणाऱ्या ताईंवर एखाद्या मासिकात काही आलंय का, तेवढं कळवा, जुनं असलं तरी चालेल.

विटा_रोखठोक

एका दिवाळी अंकात आलं होतं बहुतेक. घरी माळ्यावर अंक आहेत, काढून बघतो आणि पान क्रमांकासकट सांगतो.